हूं देणारा माणूस

चिंधा आबांची ओळख विचारली की गावातले लोक आधी हसतात आणि मग नाकातून एक आवाज काढतात. "हूं." झाली ओळख. धरणगावहून आत गेलेल्या रस्त्यावरच्या या लहानशा गावात आबांनी जन्मभर कापूस पिकवला, पण गावाच्या लेखी त्यांच्या तोंडून एवढंच एक पीक निघालं. लग्नाचं आमंत्रण दिलं, हूं. औंदा बोंडअळी फार आहे म्हटलं, हूं. व्यापाऱ्यानं भाव सांगितला तरी हूंच, आणि गंमत अशी की त्या हूंवरून व्यापाऱ्याला बरोबर कळायचं, हा गडी या भावात कापूस देत नाही.

आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली म्हणून आईनं यांचं नाव चिंधा ठेवलं. असल्या टाकाऊ नावाच्या पोराकडे मरण ढुंकूनही बघत नाही, अशी तिची समजूत. ती खरी ठरली, आबांनी सत्तरी गाठली. पण त्यांच्या बायकोच्या आईला हे शहाणपण सुचलं नव्हतं. सोनगीरच्या त्या बाईनं मुलीचं नाव ठेवलं झुंबर. एवढं लखलखीत नाव कोणाच्या नजरेतून सुटणार? चार वर्षांपूर्वी पौषात साध्या तापाचं निमित्त झालं आणि झुंबरबाई गेली. तेव्हापासून आबांचा हूं रिकामा पडला आहे. कारण तो मुळात व्यापाऱ्यासाठी नव्हताच, गावासाठीही नव्हता. तो झुंबरबाईच्या गोष्टींसाठी होता.

झुंबरबाई म्हणजे बोलण्याचा धबधबा. माहेरून ती भांडीकुंडी बेताचीच घेऊन आली, पण गोष्टी मात्र पोत्यानं घेऊन आली. दिवेलागण झाली, जेवणं आटोपली, की ती ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसायची आणि आबा समोर खाटेवर. ती एक वाक्य सांगायची आणि थांबायची. आबांनी "हूं" म्हणायचं. मग पुढचं वाक्य. हा त्यांच्याकडचा रिवाजच. ऐकणाऱ्यानं हूं दिला नाही तर गोष्ट पुढे सरकत नाही. पण हूं देणं म्हणजे नुसतं नाक वाजवणं नव्हे. घाईनं दिला तर सांगणाऱ्याचं वाक्य तुटतं, उशिरा दिला तर गोष्टीचा जोर जातो. शेजारचे जीवराम भाऊ एकदा हौसेनं हूं द्यायला बसले होते. झुंबरबाईनं तिसऱ्या वाक्याला त्यांना उठवलं. "भाऊ, तुम्ही गोट ऐकी राहिनात का बैल हाकी राहिनात?"

आबांचा हूं मात्र बरोबर जागेवर पडायचा. वाघ आला की तो खाली उतरायचा, राणी रडली की लांबायचा, आणि राक्षसाची फजिती झाली की त्यात हसू मिसळलेलं असायचं. एरवी न बोलणाऱ्या या माणसाचं सगळं बोलणं त्या एका आवाजात होतं आणि ते समजणारी एकच बाई होती.

एकदा दोघांचं भांडण झालं. कशावरून ते आता आबांनाही आठवत नाही. रात्री झुंबरबाई सवयीनं गोष्टीला बसली, राजाला नदीपर्यंत आणलं, राजानं पाण्यात एक पाय घातला, आणि ती थांबली. आबांनी हूं दिला नाही. तीही हटली नाही. आठवडाभर तो बिचारा राजा नदीत एक पाय घालून उभा. शेवटी आबांनाच त्याची कीव आली. जेवता जेवता, मध्येच, कशाचाही संबंध नसताना ते म्हणाले, "हूं." झुंबरबाईनं ताटात भाकरी वाढली आणि राजाला नदीपार नेलं.

तर अशी ती बाई. हूंशिवाय एक पाऊल पुढे टाकायची नाही.

त्या दोघांना मूलबाळ झालं नाही. गावात जो तो काहीबाही सल्ला देत असे, पुढे पुढे तोही थांबला. झुंबरबाईच्या पोत्यात एक गोष्ट होती, तिच्या आईची, वांग्यातून निघालेल्या पोऱ्याची. म्हातारी भरितासाठी झाडावरचं शेवटचं वांगं आणते, चुलीत ठेवायला जाते, तोच आतून आवाज येतो, "माय, माले भुंजू नको." वांगं उकलतं आणि बोटभर पोऱ्या बाहेर येतो, डोक्यावर वांग्याच्या देठाची हिरवी टोपी. मग तो बैलाच्या कानात बसून नांगर हाकतो, सावकाराची दाढी ओढतो, राजाला बनवतो, आणि शेवटी मोठा होऊन दूर निघून जातो. मागे म्हातारा-म्हातारी दरवर्षी वांगी लावतात आणि भाजायच्या आधी प्रत्येक वांगं कानाला लावून बघतात.

झुंबरबाईही तसंच करायची. भरिताचं हिरवं वांगं हातात आलं की ते कानाला लावायची, क्षणभर ऐकायची, आणि म्हणायची, "काहीच बोलत नही." मग ते विस्तवावर. दोघं हसायची. गंमतच ती. पण इतकी वर्षं झाली तरी तिनं एकदाही न ऐकता वांगं भाजलं नाही, हे आबांनी पाहिलं होतं.

हेमांगी ही पलीकडच्या घरातल्या कुंदाबाईची नात. लहानपणी याच ओट्यावर गोष्टी ऐकत मोठी झाली आणि पुढे पुण्याला जाऊन संगणकावर कार्टूनचे सिनेमे बनवायला शिकली. एका दिवाळीला ती आली आणि म्हणाली, "आजी, वांग्याच्या पोऱ्याची गोष्ट सांगा, मला फोनवर घ्यायचीय. आमचे लोक त्यावर मोठा सिनेमा करणार आहेत." वेळ दुपारची होती. झुंबरबाईनं सरळ नकार दिला. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे सोनगीरच्या पोरालाही माहीत आहे. आबांचा भाचा हितेंद्र सुरतेला नोकरीला, म्हणजे इथे मामा कोण ते उघडच होतं. हेमांगीला दिवेलागणीपर्यंत थांबावं लागलं.

संध्याकाळी तिनं फोन दोघांच्या मध्ये ठेवला. झुंबरबाई रंगात आली. आबा मात्र त्या फोनवरच्या लुकलुकणाऱ्या लाल ठिपक्याकडे असे टक लावून बसले की मध्येच एकदा हूं द्यायचंच विसरले. झुंबरबाईनं तिथल्या तिथे खरडपट्टी काढली. हेमांगीला हसू आवरेना. निघताना ती म्हणाली, "आजी, सिनेमा तुमच्याच आवाजात सुरू होईल."

त्यानंतर सव्वा वर्षात झुंबरबाई गेली.

माणूस गेल्यावर काय काय जातं ते एकदम कळत नाही. आधी स्वयंपाक गेला. आबा भाकरी थापायला शिकले, बऱ्यापैकी गोल. शेत बटाईनं दिलं, तोही वेळ रिकामा झाला. हितेंद्रनं सुरतेहून मोठा फोन आणून दिला, टीव्ही बसवून दिला. पहिले काही दिवस आबा टीव्हीतल्या बातम्या सांगणाऱ्या बाईला हूं देत बसायचे. मग लक्षात आलं, ती यांच्यासाठी थांबत नाही. त्यांनी टीव्ही बंद केला, त्यावर कापड टाकलं.

पण खरी गोष्ट निराळीच होती आणि ती आबांनी कोणाला सांगितली नव्हती. झुंबरबाईचा आवाज त्यांना आठवेनासा झाला होता. गोष्टी सगळ्या पाठ होत्या, शब्द न् शब्द. खाटेवर पडून ते मनात वांग्याच्या पोऱ्याची गोष्ट सुरू करायचे, पण ती सांगायला लागायचे ते स्वतःच. बाईचे शब्द आणि आवाज आपला. ते उठून बसायचे, पाणी प्यायचे, परत प्रयत्न करायचे. परत आपलाच आवाज. आपण तिला दुसऱ्यांदा घालवतोय असं त्यांना वाटे आणि त्या वाटण्याला ते फार घाबरत. भिंतीवर तिचा फोटो होता, पण फोटो काय बोलणार?

म्हणून यंदा उन्हाळ्यात हेमांगीचा फोन आला, "आबा, आपला सिनेमा जळगावला लागलाय, बघून या," तेव्हा आबांनी हूं म्हटलं आणि त्याच रात्री धोतर धुऊन वाळत घातलं.

सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, लग्नकार्यातली टोपी घातली. कुंदाबाई दारात झाडत होती.

"कोठे चालनात, आबा?"

"जयगावले. सिनेमामा ती बोलस."

ती कोण ते कुंदाबाईला विचारावं लागलं नाही. आबा एका दमात एवढं बोलले, याचंच तिला नवल वाटलं. एसटी दिसेनाशी होईपर्यंत ती हातात झाडू धरून उभी होती.

जळगावच्या त्या थिएटरात पायाखाली सतरंजी आणि अंगावर गार वारा. दुपारचा खेळ, सुट्टीचे दिवस, आयाबापांबरोबर पोरंच पोरं. दिवसाढवळ्या गोष्ट, हे आबांना खटकलं, पण आत अंधार केला होता, तेव्हा चालेल म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. शेजारी फ्रॉक घातलेली एक चिमुरडी तिच्या आईजवळ बसली होती. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कान टवकारले.

पडद्यावर निळी संध्याकाळ झाली. ओटा दिसला. ओट्यावर मोठाल्या डोळ्यांची एक गोलमटोल म्हातारी, समोर खाटेवर झुपकेदार मिशांचा म्हातारा. म्हातारीनं तोंड उघडलं.

"एक होता म्हातारा आणि एक होती म्हातारी."

गोड आवाज होता. स्वच्छ, पुण्याकडचा, शिकलेला. कोणा नटीचा असेल. झुंबरबाईचा नव्हता.

आबांना वाटलं, सुरुवातीपुरतं असेल, मागून ती येईल. सवय मोठी वाईट, बाईनं वाक्य संपवलं, जागा मोकळी सोडली, आणि आबांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "हूं."

त्याच क्षणी पडद्यावरचा मिशाळ म्हातारा म्हणाला, "हूं."

तोच हूं. आबांचाच. अगदी सारखा, खालून वर चढणारा, नाकात थोडा अडकलेला. सगळं थिएटर हसलं. शेजारची चिमुरडी पडद्याकडे बघे, आबांकडे बघे. "मम्मी, सिनेमातले आजोबा इथे बसलेत." आईनं तिला गप्प केलं आणि आबांकडे बघून ओशाळं हसली.

पुढे सिनेमा मजेचा होता, खोटं कशाला बोला. वांग्याचा पोऱ्या बैलाच्या कानातून डोकावला तेव्हा पोरं टाळ्या पिटत होती. पण गोष्टीत जिथे जिथे म्हातारी थांबे तिथे तिथे तो म्हातारा हूं म्हणे आणि लोक खिदळत. अर्ध्यापर्यंत तर सगळ्या पोरांना ते पाठच झालं. बाई थांबली की अख्खं थिएटर ओरडायचं, "हूं!" फक्त आबा गप्प होते. आपण कोणा परक्याच्या घरात शिरून त्याच्या बायकोच्या गोष्टीला हूं देतोय आणि झुंबर दारात उभी राहून बघतेय, असं त्यांना झालं. त्यांना शरम वाटली. जिच्यासाठी तो आवाज जपला, ती तिथे कुठेच नव्हती, आणि आवाज मात्र दुसरीच्या मागे हिंडत होता. शेवटी तर म्हातारा-म्हातारी राजवाड्यात राहायला गेले आणि सगळे नाचले. वांगं कानाला लावणारं कोणी उरलंच नाही.

आबा बाहेर पडले ते भलत्याच दारानं. उन्हात डोळे दिपले. बसस्टँड डावीकडे म्हणून गेले तर पुढे रेल्वेचे रूळ आले, परत फिरले तर भाजीबाजार लागला. दिवसा गोष्ट ऐकली आणि मामा वाट चुकला. एरवी त्यांना हसू आलं असतं. एका रसवंतीच्या बाकावर ते बसले आणि हेमांगीला फोन लावला.

"हेमांगी, सिनेमामा आजी नही."

ती म्हणाली, "आबा, मला तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. आजीची अहिराणी पुण्या-मुंबईच्या पोरांना कळणार नाही म्हणाले. मी खूप भांडले. शेवटी नुसता तुमचा हूं ठेवला त्यांनी. कोणत्याच नटाला तो तसा जमेना."

"तिन्हा आवाज तुन्हाजोडे शे का?"

"तो फोन केव्हाच बिघडला, आबा. पण तुमचा हूं वेगळा काढून घेतला होता ना, त्याच्या मागे उरलेलं असेल कुठेतरी. आजीचं एकटीचं. शोधते."

"शोध," आबा म्हणाले. थोड्या वेळानं आणखी म्हणाले, "माले तिन्हा आवाज आठवत नही, माय."

हे वाक्य त्यांनी कोणापुढे पहिल्यांदाच उच्चारलं. रसवाला ऊस घालता घालता थांबला आणि दुसरीकडे बघू लागला.

पुढच्या आठवड्यात फोन वाजला आणि हेमांगीनं पाठवलेलं आलं. दुपार होती. आबांनी ते उघडलं नाही. ओटा झाडला, पाणी शिंपडलं, खाट ओढून जागेवर आणली. दिवे लागले तेव्हा झुंबरबाईच्या जागी, भिंतीला तांब्या टेकवून, तांब्याला फोन टेकवला. समोर खाटेवर बसले आणि हेमांगीनं सांगितलं होतं तसं बोट लावलं.

"एक व्हता डोकरा, एक व्हती डोकरी."

किती सोपं होतं. थोडा घोगरा, शेवटच्या शब्दावर जरा पुढे झुकणारा. हाच तर. हा कसा विसरलो आपण? आणि मग ती थांबली. हूं कापून घेतला होता तिथे काहीच नव्हतं, नुसती शांतता, एका हूंपुरती. आबांनी त्या शांततेत हूं दिला.

"त्यासले पोरंसोरं काहीच नही."

"हूं."

ती सांगत राहिली, आबा देत राहिले. पलीकडच्या दारात कुंदाबाई येऊन उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून तशीच आत गेली. म्हातारीनं शेवटचं वांगं तोडलं. घरी आणलं. विस्तवाजवळ नेलं.

"माय, माले भुंजू नको."

आबांचा हूं निघेना. छातीत आला, नाकापर्यंत चढला, तिथेच राहिला. त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. ती थांबायचीच. राजाला आठवडाभर नदीत उभं करणारी बाई ती.

ती थांबली नाही. शांतता संपली आणि तिनं पुढचं वाक्य घेतलं. त्याच्या पुढचंही. मध्ये मध्ये जागा सोडत, कोणी भरतंय की नाही याची पर्वा न करता, ती एकटीच वांग्याच्या पोऱ्याला घेऊन निघून चालली. चार वर्षं जे नुसतं माहीत होतं, ते आबांना आता कळलं. त्यांनी टोपी तोंडावर धरली आणि ते रडू लागले. बाईच्या तिरडीमागे चालताना रडले नव्हते, ते आता मोठ्यानं रडले.

पोऱ्या बैलाच्या कानात जाऊन बसला होता. त्यानं नांगर हाकला, सावकाराचं शेत गाठलं. आणि एकदम गोष्ट तुटली. फोनमधून चिडका, ओळखीचा, रोजचा आवाज आला.

"अहो, हूं द्या ना! ध्यान कोठे शे तुम्हनं?"

आबांनी टोपी खाली घेतली.

"हूं," ते घाईनं म्हणाले. "अठेच शे मी. अठेच शे. सांग."

फोनमध्ये कुणी तरुण पोरगी हसली. झुंबरबाईनं घसा साफ केला आणि सावकाराची दाढी धरायला पोऱ्याला पुढे धाडलं.